‘माळ’ आणि ‘पोटखराब’

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने पूर्वेस निघाले म्हणजे यवत, खुटबाव, केडगाव या पट्ट्यात कालव्याचे पाणी व उसाचे मळे दृष्टीस पडतात. चौफुल्यावरून दक्षिणेस सुप्याकडे वळले की हे दृश्य पालटते. उथळ मुरमाड जमीन, तुरळक बाभळी आणि दूरवर गवत. बारामती तालुक्यातील या सुप्यालगतची ५.१४ चौरस किलोमीटर भूमी १९९७ साली ‘मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य’ म्हणून राखण्यात आली. चिंकारा हा येथील प्रमुख प्राणी होय. खोकड व लांडगा यांचाही वावर आहे.

‘अभयारण्य’ या शब्दात अरण्य आहे. येथे आहे तो माळ. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘मेघदूता’तील ‘माल’ या शब्दाचा अर्थ मल्लिनाथाने उंच भूप्रदेश असा केला आहे. मराठी ‘माळा’चे नाते याच शब्दाशी जोडले जाते. माळढोक, माळटिटवी ही पक्षिनामे त्यावरूनच पडली. राखलेल्या गवताचे ते ‘कुरण’, गावाच्या गुरांसाठी सोडलेले ते ‘गायरान’. ही नावे भूमीचा उपयोग ओळखून दिलेली आहेत.

महसुली परिभाषेचे माप निराळे आहे. लागवडीस अयोग्य असा शेताचा अंश म्हणजे ‘पोटखराब’. न कसलेली जमीन म्हणजे ‘पडीक’. येथे पिकाचा अभाव हेच भूमीचे लक्षण ठरते. एकदा ‘खराब’ म्हटले की तिचे काहीही केले तरी ती सुधारणाच वाटते. मग तेथे भूखंड पडतात, किंवा सद्हेतूने दाट वृक्षलागवड होते. परंतु कुसळी, मारवेल यांसारख्या गवतांना मोकळे ऊन लागते. दाट सावलीत ती खुरटतात आणि उघड्या रानात वावरणाऱ्या चिंकाऱ्याचा आधार तुटतो.

लांडग्याच्या भ्रमंतीस ५.१४ चौरस किलोमीटर क्षेत्र पुरणारे नाही. अभयारण्याच्या सीमेबाहेरील गायराने व पडीक राने हीही त्याची वाट आहे. आणि पुण्याची वाढ पूर्वेकडे सरकत असता त्याच रानांस प्रथम धक्का बसतो. ‘उजाड माळ’ असे आपणही सहज म्हणतो, तेव्हा दोष केवळ दप्तराचा नाही. केवळ शब्द बदलल्याने माळ वाचेल असे नव्हे. तथापि जोवर त्याची नोंद उणिवेच्या शब्दात होते, तोवर त्याचा नाश ही हानी म्हणून नोंदलीच जाणार नाही.