निवडणूक-प्रचारांतील व्यंग्यार्थ

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं शब्दाच्या तीन शक्ति सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. ‘सूर्य मावळला’ एवढें म्हटलें, तर गुराख्याला गुरें घरीं नेण्याची आठवण होते आणि पांथस्थाला मुक्काम शोधण्याची. वाक्य एकच, अर्थ ज्याच्या त्याच्या मनांतला. काव्यांत रस निर्माण करणारी ही व्यंजना राजकीय प्रचारकाच्या हातीं पडली म्हणजे तिचा केवढा दुरुपयोग होऊं शकतो, याचें एक उदाहरण आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

१९८८ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं जॉर्ज बुश आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्यांत सामना झाला. डुकाकिस यांच्या राज्यांत कैद्यांना थोड्या दिवसांच्या रजेवर बाहेर सोडण्याची पद्धत होती. खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा विली हॉर्टन हा कृष्णवर्णी कैदी १९८६ सालीं अशा रजेवर गेला, तो परतलाच नाहीं. पुढल्या वर्षीं मेरीलँडमध्यें त्यानें एका गोऱ्या जोडप्यावर भीषण अत्याचार केले. १९८८ च्या सप्टेंबरांत बुश यांच्या बाजूच्या एका स्वतंत्र प्रचारमंडळानें दूरचित्रवाणीवर अर्ध्या मिनिटाची जाहिरात दाखविली. तींत शब्द होते ते गुन्ह्याचे, शिक्षेचे आणि रजेचे. वर्णाविषयीं एक अक्षरहि नव्हतें. मात्र पडद्यावर हॉर्टनचें छायाचित्र होतें, आणि न उच्चारलेला अर्थ त्यानें पोंचविला.

गुन्ह्याची हकीकत खरी होती, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु रजेची ती पद्धत १९७२ सालीं बुश यांच्याच पक्षाचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांच्या कारकीर्दींत सुरू झाली, हें जाहिरातींत सांगितलें नव्हतें. काळ्या पुरुषापासून गोऱ्या कुटुंबास धोका आहे, ही त्या देशांतील जुनी भीति पुष्कळ मतदारांच्या मनांत आधींच दडलेली होती. तिला फक्त जागें करावयाचें होतें. जाब विचारला, तर ‘आम्ही गुन्ह्याविषयींच बोललों’ असें प्रचारकास म्हणतां येतें. मतदारालाहि आपण वर्णद्वेषानें मत दिलें असें वाटत नाहीं. दोघांनाहि पळवाट मिळते, यांतच या अस्त्राचें बळ आहे. माणसाला ऐकूं न येणारी, पण कुत्र्याला ऐकूं येणारी एक शिट्टी असते. अमेरिकन लोक अशा प्रचाराला तिचेंच नांव देतात.

ऑक्टोबरांत जेसी जॅक्सन यांनीं या प्रचाराला उघडपणें वर्णद्वेषी म्हटलें. टाली मेंडेलबर्ग या विदुषींनीं २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, गर्भितार्थ असा बोलून दाखविल्यावर त्याचा मतदारांवरील प्रभाव ओसरूं लागला. या निष्कर्षावर पुढें इतर अभ्यासकांनीं आक्षेपहि घेतले. नोव्हेंबरांत बुश निवडून आले. पण या एका जाहिरातीमुळेंच ते जिंकले, असें मात्र कोणी समजूं नये.

तथापि मतदाराच्या हातीं एक परीक्षा उरते. प्रचारांतील शब्द तसेच ठेवावे आणि त्यांबरोबरचें चित्र मनांतून काढून टाकावें. तरीहि तितकीच भीति वाटते काय? वाटत नसेल, तर ती भीति कोठून आली, हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. आपल्या पूर्वग्रहावर ज्याचा प्रचार उभा आहे, त्याला आपण नकळत साह्य करीत असतों. आणि हें साह्य थांबविणें सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.