मृदू जैविक ऊतींच्या ताठरतेचे सूक्ष्म पातळीवरील मापन

प्रस्तावना :
स्तनातील गाठ बोटांनी चाचपून पाहण्याची पद्धत वैद्यकशास्त्रात जुनी आहे. कर्करोगाची गाठ बहुधा भोवतालच्या भागापेक्षा टणक लागते. मात्र कर्कपेशी सुट्या करून मोजल्या असता त्या सामान्यतः निरोगी पेशींपेक्षा मऊ आढळतात. या विसंगतीचा उलगडा मापनाच्या पातळीत आहे. प्रस्तुत लेखात या मापनाची पद्धत व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

मापनाची पद्धत :
१९८६ मध्ये बिनिग, क्वेट व गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक मांडला. त्यात लवचीक पट्टीच्या टोकाला असलेली सुई ऊतीवर अलगद दाबली जाते. पट्टी किती वाकली हे तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या लेसर किरणामुळे कळते आणि हूकच्या नियमानुसार बल निघते. टोक गोलाकार असल्यास, बल व रुतण्याची खोली यांच्या आलेखास हर्ट्‌झ यांचा १८८२ चा स्पर्शसिद्धान्त लावून स्थितिस्थापकता गुणांक काढतात. हा सिद्धान्त पदार्थ एकजिनसी मानतो. ऊती मात्र पाणी, तंतू व पेशी यांनी बनलेली असते. दाबण्याचा वेग बदलला तरी उत्तर बदलते.

पातळीचे महत्त्व :
सांध्यातील कूर्चेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २००४ मध्ये स्टोल्झ व सहकाऱ्यांनी डुकराची कूर्चा दोन प्रकारच्या टोकांनी मोजली. मायक्रोमीटर आकाराच्या गोलाने गुणांक मेगापास्कलच्या घरात आला. नॅनोमीटर आकाराच्या टोकाने तो सुमारे शंभरपट कमी आला. मोठा गोल कोलॅजेनचे जाळे व त्यातील पाणी एकत्रित दाबतो, तर बारीक टोक जाळ्याच्या एकेका घटकास स्पर्श करते. याच गटाने २००९ मध्ये दाखविले की, सांध्याच्या झिजेचे आरंभीचे बदल नॅनोमीटर पातळीवरच दिसतात.

गाठीचेही तसेच आहे. बोटांना जाणवतो तो मुख्यतः पेशींभोवतालच्या दाट तंतूंचा टणकपणा. २०१२ मध्ये प्लोडिनेक व सहकाऱ्यांनी स्तनाच्या ऊतींचे नमुने जागोजागी मोजले. निरोगी व साध्या गाठींत ताठरतेची मूल्ये एका शिखराभोवती जमली. कर्करोगाच्या नमुन्यांत ती विखुरली आणि मऊ मूल्यांचे ठळक शिखर आढळले.

निष्कर्ष :
ऊतीची ताठरता ही एकच संख्या नव्हे. टोकाचा आकार, खोली व वेग यांच्या उल्लेखाविना दिलेला गुणांक अपुरा ठरतो. रोगनिदानासाठी केवळ सरासरी न पाहता मूल्यांचे वितरणही पाहणे आवश्यक आहे. कारण रोगाची खूण अनेकदा सरासरीत लोपते.