हेराल्डच्या धाकट्या बहिणीचा शनिवार

सकाळी ६:३०

गॅरेजचं दार वर केलं आणि आधी हीटर लावला. कॉव्हेंट्रीत मे महिन्यातही सकाळी पत्रा गार असतो, आणि गार पत्र्यावर ब्यूटाइलची पट्टी नीट धरत नाही. नव्या कार्पेटचे तुकडे रात्रीच दिवाणखान्यात पसरून ठेवलेत. खोक्यातल्या घड्या मोडायला त्यांना एक उबदार रात्र लागते.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर १५००, सन १९७८ची. इंजिन १४९३ सीसी, वजन जेमतेम आठशे किलो. ती इथल्याच कॅनलीच्या कारखान्यात बनली, आणि ऑगस्ट १९८०मध्ये तिथून शेवटची स्पिटफायर बाहेर पडली. इतकी वर्षं हिच्यामागे लागण्याचं माझं कारण मात्र कोल्हापूरचं आहे. अण्णांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती. त्याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर आली. दोघींचा आराखडा इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींचा. माझ्या लेखी ही हेराल्डची धाकटी बहीण.

७:१५

दोन महिन्यांपूर्वी जुनं कार्पेट उचललं तेव्हा खाली तागाचा जाड थर होता, आणि तो पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. पाणी खालून आलं नव्हतं. पुढच्या काचेच्या थकलेल्या रबरातून ते थेंबाथेंबानं उतरत होतं आणि ताग ते धरून ठेवत होता. डाव्या बाजूला पायाखालचा पत्रा बोटानं दाबला तर आत गेला. म्हणून आधी काचेचं रबर बदललं, मग नवा पत्रा वेल्ड केला, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले आणि सगळं पूर्ण वाळू दिलं. हे केल्याशिवाय वर काहीही चिकटवणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

आज फक्त हात फिरवून पाहिलं, स्पिरिटनं पुसलं आणि तळाची रबरी बुचं घट्ट आहेत का ते तपासलं. बल्कहेड म्हणजे इंजिन आणि आपल्या पायांमधली भिंत. तिच्यातून वायरी जातात त्या भोकांची रबरं चिरलेली होती, तीही नवी घातली. सर्वांत स्वस्त इन्सुलेशन हेच. एका उघड्या भोकातून येणारी गरम हवा आणि आवाज कार्पेट अडवू शकत नाही.

८:३०

आता ब्यूटाइल. स्टीलच्या थाळीवर टिचकी मारली की ती घुमते. काठाला बोट टेकवलं की गप्प होते. दोन मिलिमीटर जाडीची ही काळी पट्टी पत्र्यावर त्या बोटाचंच काम करते. म्हणूनच सगळी जमीन झाकायची गरज नसते. प्रत्येक सपाट भागाच्या मधोमध, पाव ते एक तृतीयांश क्षेत्रावर पट्टी लागली तरी पत्रा घुमायचा थांबतो. चौरस मीटरला सुमारे तीन किलो वजन वाढतं. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये ते उगाच का वाढवायचं?

लेक मदतीला आली. हीट गननं पट्टी ऊन करायची, बसवायची आणि मधून कडेकडे रोलर फिरवायचा. हवेचा फुगा राहिला तर तिथं पुढे ओल साचते. बॉडी चासीला धरणारे बोल्ट झाकायला निघाली होती, तिला थांबवलं. म्हणाली, "बाबा, वरून कार्पेट येणारच आहे, दिसणार कुठंय?" दिसण्याचा प्रश्न नाही. उद्या कुणाला तरी तिथं पाना लावावा लागेल.

११:००

गिअरबॉक्सचं झाकण. खरा वेळ इथं जातो. या गाडीत गिअरबॉक्स खालून नाही, केबिनमधून बाहेर काढतात. त्यासाठी दोन आसनांच्या मधला उंचवटा स्क्रू काढून अख्खा उचलता येतो. त्याच्या कडेचा फोम झिजला की इंजिनाची धग आणि धूर थेट पायांवर येतो. म्हणून कडेला सगळीकडे नवी फोमपट्टी लावली.

चकचकीत फॉइलवाला थर मी झाकणाच्या आतल्या अंगाला, गिअरबॉक्सकडे तोंड करून लावला. फॉइल उष्णता परतवतं ते समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. कार्पेटखाली दाबून बसवलेलं फॉइल नुसतं चमकतं. ही चूक मी फार गाड्यांत पाहिली आहे.

१:००

डबा खाताना अण्णांना फोन केला. तिकडे साडेपाच वाजले होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "झाकण परत निघेल ना रे?" हेराल्डचं झाकणही असंच निघायचं. कोल्हापूरच्या पावसात ते रबरी मॅट रोज काढून भिंतीला उभ्या करून वाळवत. "निघेल अण्णा," म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका."

२:००

सहा मिलिमीटरचा क्लोज्ड-सेल फोम. यात पाणी मुरत नाही, म्हणून तागाऐवजी हा. वर्तमानपत्राचे फर्मे कापले, खडूनं आखून कात्री चालवली. आसनांच्या रुळांखाली फोम ठेवला नाही. तो दबतो आणि आवळलेला बोल्ट काही दिवसांत ढिला पडतो.

४:००

कार्पेट. उभ्या बाजूंना आणि चाकांवरच्या गोलव्याला उष्णता सोसणारं सोल्यूशन लावलं. दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतकं सुकल्यावरच जोडायचं. पायाखालचे तुकडे चिकटवले नाहीत, ते टिचबटणांवर बसवले. झाकणावरचा तुकडाही वेगळाच ठेवला.

सीटबेल्टच्या बोल्टसाठी भोक पाडताना ड्रिल अजिबात वापरू नका. धागा बिटाला गुंडाळला जातो आणि कार्पेट उसवत जातं. आरीनं खालचं भोक शोधलं आणि सोल्डरिंगच्या गरम टोकानं नायलॉन वितळवून वाट केली. कडाही आपोआप बांधल्या गेल्या. शेवटी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाहिला. नवी जाडी पेडलच्या आड येत होती, तिथला फोम कापून काढला.

७:००

केनिलवर्थच्या रस्त्याला एक फेरी. हुडावरचा वारा तसाच आहे, तो जाणार नव्हताच. जमिनीची घूं मात्र गेली, इंजिनाचा आवाज स्वच्छ ऐकू आला आणि डावा पाय गार राहिला. परत आल्यावर टिचबटणं काढून दोन्ही तुकडे उचलले, बघितलं, परत बसवले. दोन मिनिटं लागली.

तुमच्या दारात एखादी जुनी हेराल्ड किंवा फियाट उभी असेल, तर यंदा पाऊस लागण्याआधी तिचं कार्पेट उचला आणि खालच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवा.