काउंटरमागची नोकरी : बारटेंडरच्या कामाचा हिशेब

करिअरवरच्या व्याख्यानमालेत 'बारटेंडर' हा विषय ठेवला म्हणून संयोजकांकडे दोघातिघांनी नाराजी कळवली, असं आत्ताच कळलं. ती आम्हाला नवीन नाही. आमच्यातल्या कितीतरी मुलांनी घरी 'हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगितलेलं असतं. लग्नाच्या बायोडाटावर 'फूड अँड बेव्हरेज' लिहितात. मुलीकडचे विचारतात, म्हणजे नेमकं काय? तेव्हा काका मधेच म्हणतात, "मोठ्या हॉटेलात आहे हो!" आणि विषय बदलतात. तर आज विषय न बदलता बोलू. दारू चांगली की वाईट, हा वाद आज नको. आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम करतो म्हणाली, तर त्यात काय आहे आणि काय नाही, हे आधी समजून घेऊ.

महाराष्ट्रात हा धंदा संकोचाने का उभा आहे, ते कायद्याच्या नावातच दिसतं. आपल्याकडे दारूविक्रीचा कारभार आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. म्हणजे मूळ नियम बंदीचा, आणि विक्री हा त्यातला अपवाद. पिणाऱ्याने परवाना घ्यायचा, आणि परवाना असलेल्याने ज्या खोलीत बसून प्यायचं ती 'परमिट रूम'. पाटीवरचा हा शब्द तिथून आला. पुढे २००५ मध्ये सरकारने डान्स बारवर बंदी आणली, वर्षानुवर्षं कोर्टात खटले चालले, आणि 'बारमध्ये काम करतो' या वाक्याला एक वेगळाच वास चिकटला. काउंटरमागे माप धरून उभ्या असलेल्या माणसाचा त्या नाचगाण्याशी संबंध नव्हता, पण बदनामीत वाटा त्यालाही मिळाला.

दुसऱ्या बाजूला सिनेमा. १९८८ चा 'कॉकटेल' आला, त्यात टॉम क्रूझने बाटल्या हवेत उडवल्या, आणि जगभरच्या पोरांना वाटलं की बारटेंडर म्हणजे हेच. बाटल्या उडवण्याला 'फ्लेअर' म्हणतात. ती कला आहे, स्पर्धा होतात, लग्नाच्या कॉकटेल पार्टीत त्याला मागणीही असते. पण रोजच्या कामात त्याचा वाटा भाजीत कोथिंबिरीइतका.

मग रोजचं काम काय? बार संध्याकाळी उघडतो, पण बारटेंडर दुपारी तीन-चारलाच आलेला असतो. लिंबं पिळायची, साखरेचा पाक करायचा, पुदिना निवडायचा, ग्लास पुसायचे, बर्फ भरायचा, कालचा स्टॉक मोजायचा. लिंबाचा रस ताजाच लागतो. दुसऱ्या दिवशी त्याची चव उतरते, म्हणून रोज पिळायचा. आपलं कागदी लिंबू लहान आणि आंबट. परदेशी पुस्तकातल्या कृतीत लिंबू म्हणजे बहुतेक वेळा मोठं, कमी तिखट फळ असतं. पुस्तकातलं माप जसंच्या तसं उचललं की कॉकटेल दात आंबवतं. ही गोष्ट कोर्सच्या सर्टिफिकेटवर लिहिलेली नसते, जिभेला शिकावी लागते.

बर्फाचंही तसंच. डायकिरी घ्या. साठ मिली रम, पंचवीसच्या आसपास लिंबाचा रस, वीस मिली पाक. शेकरमध्ये बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवलं की ते गार होतं, आणि तयार पेयाचा साधारण चौथा हिस्सा बर्फातून सुटलेलं पाणी असतं. ते पाणी म्हणजे भेसळ नाही, कृतीचाच भाग आहे. पण मुंबईच्या दमट हवेत बादलीतला बर्फ आधीच घामेजलेला असतो. त्यावरचं पाणी निथळून टाकलं नाही तर पेय पचपचीत होतं. ज्यात रस, दूध, अंडं आहे ते हलवायचं. ज्यात नुसती मद्यं आहेत ते चमच्याने ढवळायचं, म्हणजे ते स्वच्छ आणि जड राहतं. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे आम्ही हेच करायला लावतो. पोरं कंटाळतात.

आता मापाचं बघा, कारण या नोकरीचा पाया माप आहे. तीस मिलीचा स्मॉल, साठचा लार्ज. साडेसातशे मिलीच्या बाटलीत साडेबारा लार्ज. आता समजा हात सैल आहे आणि प्रत्येक लार्ज साठऐवजी पासष्टचा पडतो. ७५० ला ६५ ने भागा, साडेअकरा येतात. म्हणजे बाटलीमागे एक लार्ज हवेत गेला. रात्री वीस बाटल्या फुटणाऱ्या बारमध्ये हे वीस लार्ज. मालकाला ते रात्री बारा वाजता रजिस्टरमध्ये दिसतं. उलट हात आखडला तर गिऱ्हाईक फसतं. आणि रजिस्टर मालकापुरतं नसतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक कधीही येऊन रजिस्टरचा आकडा आणि बाटलीतली पातळी ताडून बघू शकतो. काउंटरवर विक्री करणाऱ्याचं नाव 'नोकरनाम्या'त असावं लागतं. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात विचारायचा प्रश्न हाच : माझा नोकरनामा झाला का? धाड पडल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

याहून मोठा हिशेब गिऱ्हाइकाच्या पोटातला. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोलची. तीस मिलीच्या स्मॉलमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे १३ मिली. आता ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची. तिच्यात ५२ मिली अल्कोहोल. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर चार स्मॉल! पाच टक्क्यांची माइल्ड घेतली तरी अडीच स्मॉल. "मी फक्त बिअर घेतो, दारू नाही," म्हणणारे काका दोन स्ट्राँग संपवून स्कूटरला किल्ली लावतात, तेव्हा त्यांनी आठ पेग घेतलेले असतात. शरीर साधारण तासाला एखादा स्मॉल निपटतं, त्याहून वेगाने नाही; लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी मारणं यांनी काही होत नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हा हिशेब गिऱ्हाईक करत नाही. तो काउंटरमागच्या माणसाने करायचा असतो, आणि आमच्या मते या पेशातलं खरं कौशल्य इथे आहे. सातव्या पेगला 'नाही' कसं म्हणायचं? सगळ्यांसमोर म्हटलं की तो पेटतो. म्हणून आधीपासून वेग कमी करायचा. न मागता पाणी ठेवायचं, खायला काय देऊ विचारायचं, ऑर्डर घ्यायला जरा उशिरा जायचं. बरोबरच्या शुद्धीतल्या मित्राला बाजूला घेऊन सांगायचं, "दादा, साहेबांना घरी सोडा, बिल मी तयार ठेवतो." 'साहेब' आणि 'अहो' सुटू द्यायचं नाही. आवाज समोरच्यापेक्षा एक पट्टी खालीच. आणि तरीही नाही ऐकलं तर मॅनेजरला बोलवायचं, आपण मर्दुमकी दाखवायची नाही. वयाचंही तसंच : महाराष्ट्रात बिअर-वाइनला एकवीस आणि त्यापुढच्या कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. कॉलेजचा ग्रुप आला की ओळखपत्र मागायचं, मग तो कुणाचाही भाचा असो.

मालक पाठीशी उभा राहतो का, यावर बरंच अवलंबून आहे. नकार दिलेल्या गिऱ्हाइकासमोर बारटेंडरलाच झापणारे मालक आम्ही पाहिलेत. अशा ठिकाणी जास्त पगार असला तरी राहू नये, असं आम्ही मुलांना सांगतो.

शिकायचं कुठे? दादरचं हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट आहे, गोव्यात पर्वरीला आहे. तिथे तीन वर्षांत सगळं हॉटेल शिकवतात, बार हा त्यातला एक भाग. फक्त बारचे छोटे कोर्सही आहेत. मुंबईत शतभी बासू यांनी १९८० च्या दशकात, बाई काउंटरमागे उभी राहणं हीच बातमी होती तेव्हा, हे काम सुरू केलं आणि पुढे 'स्टर' ही बारटेंडिंगची शाळा काढली. पण कोर्स करा वा करू नका, सुरुवात 'बार बॅक' म्हणूनच होते. बर्फ आणायचा, क्रेट उचलायचे, ग्लास धुवायचे. त्यावर बारटेंडर, मग हेड बारटेंडर, बार मॅनेजर, मोठ्या हॉटेलात बेव्हरेज मॅनेजर. काही जण मद्य कंपन्यांत जातात, काही स्वतःचा बार काढतात. दार्जिलिंगकडचे यांगडुप लामा हॉटेलच्या बारमधून वर आले आणि त्यांचा दिल्लीतला 'साइडकार' आशियातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत आला.

आपल्याकडच्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते त्यांना स्वतःला दिसत नाही. कोकणातल्या पोराला कोकमाचं आगळ माहीत असतं, आणि त्यात मीठ असतं हेही. बाहेरून आलेला शेफ आगळ घालून वर ग्लासच्या कडेला मीठ लावतो आणि सगळं खारट करून ठेवतो. गोव्यात काजूच्या बोंडाच्या रसाचा पहिला उतारा म्हणजे उर्राक, पुन्हा गाळलं की फेणी. उर्राक उन्हाळ्याच्या हंगामातच मिळतो. लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. गावठी म्हणून जिला नाकं मुरडली, तीच आता चांगल्या बारच्या मेन्यूवर असते. तिचा वास ज्याच्या लहानपणापासून ओळखीचा, त्याला तिचं कॉकटेल लवकर जमतं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलू. पगार सुरुवातीला थोडा, टिप बरी. पण टिपेवर घर चालवू नका. ती सगळ्यांत कशी वाटली जाते हे आधी विचारा. किचनला किती, बार बॅकला किती, की मालकच ठेवतो. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात आपोआप सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने हे योग्यच. पण त्या शुल्कातून हिस्सा मिळणाऱ्यांची कमाई त्याने हलली. तासांचं म्हणाल तर ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो : आठवड्याला ४८ तास, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम. हे कागदावर. प्रत्यक्षात शनिवारी रात्री घड्याळ कुणी बघत नाही. म्हणून हजेरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आणि पीएफचा नंबर मागून घ्या.

आणि हा धंदा एका आदेशाने बंद पडतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हमरस्त्यांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, १ एप्रिल २०१७ पासून रस्त्याकाठच्या बारना कुलपं लागली. रस्त्यावरचे अपघात बघता त्यामागचं कारण खोटं नव्हतं, आणि पुढे नियम सैलही झाले. पण दरम्यान काउंटरवरची पोरं गावी गेली होती. मग २०२० चं लॉकडाऊन; मार्चमध्ये बंद झालेले बार महाराष्ट्रात ५ ऑक्टोबरला अर्ध्या क्षमतेने उघडले. तेव्हा ज्यांना कॉफी, सरबतं, बिनदारूची पेयं, स्टॉकचे हिशेब येत होते, त्यांना दुसरीकडे काम मिळालं. नुसते पेग भरणाऱ्यांना नाही.

दारूच्या इतक्या जवळ राहून माणूस बिघडणार नाही का? आई-वडिलांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो बरोबर आहे. धोका आहेच. गिऱ्हाईक प्रेमाने म्हणतं, "एक माझ्याकडून घे." बंद झाल्यावर थकलेली टोळी एकेक ग्लास घेऊन बसते, आणि ते रोजचं होतं. चव घ्यायची ती स्ट्रॉच्या टोकाने, थेंबभर. ड्यूटीवर ग्लास नाही. घरी जायच्या आधी 'आजचा एक' नाही. हे ज्याला पहिल्या वर्षात जमत नाही, त्याने हे काम सोडावं. ज्याच्या घरी आधीच दारूने कुणी गेलंय, त्याने तर दहादा विचार करावा. त्याशिवाय गुडघे आणि पाठ. नऊ तास उभं राहणं, पहाटे झोपणं, दिवाळीत आणि ३१ डिसेंबरला घरी नसणं. गणपतीत मात्र विसर्जनाचा ड्राय डे असतो, तेवढी एक सुट्टी.

मुलींबद्दल. दिल्लीत १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याने बारमध्ये स्त्रियांना आणि पंचवीसच्या आतल्या पुरुषांना नोकरीला मनाई होती. अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. संरक्षणाच्या नावाखाली बाईची नोकरी काढून घेता येणार नाही, सुरक्षितता देणं हे सरकारचं आणि मालकाचं काम, असा त्याचा अर्थ. आपल्या २०१७ च्या कायद्यातही रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत पोहोचवण्यासकट संरक्षण लागतं. गाडी मिळते का, हे मुलाखतीतच विचारा. "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर ते 'नाही' समजा.

शेवटी क्रूझचं, कारण चिठ्ठ्यांमध्ये सर्वात जास्त प्रश्न त्यावरच दिसतायत. जहाजावरची नोकरी चांगली असते. डॉलरमध्ये पगार, राहणं-खाणं जहाजावर, काही महिन्यांचा करार. पण मुंबईत आणि गोव्यात त्या नावाने फसवणूकही खूप. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना लागतो, आणि त्याची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला एजंटाला मनाई आहे. मेडिकल, पासपोर्ट, सुरक्षा प्रशिक्षण यांचा खर्च वेगळा, तो पावतीवर ज्याचा त्याला द्यायचा. पण कुणी "दोन लाख भरा, सीट पक्की" म्हणाला, तर आईचं मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी परवाना क्रमांक विचारा आणि यादीत स्वतः शोधा. समोरच्या बाईंचा हात बराच वेळ वर आहे. विचारा ताई.