आठाचा शून्य होतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यातून मला बोलावणं आलं. वजनकाट्यावर दिसणारा आकडा आणि कार्यालयातल्या संगणकाने छापलेल्या पावतीवरचा आकडा अधूनमधून जुळत नव्हता. उसाने भरलेल्या ट्रकचं वजन १८,४५० किलो, पावतीवर १०,४५०. आठ टन गेले कुठे? शेतकऱ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : काटामारी.

दोष निघाला तो तारेचा. काट्यावरचे अंक संगणकाकडे शून्य-एकच्या रांगेने, एका वेळी एक बिट असे जातात. ‘आठ’ची रांग ००१११०००, ‘शून्य’ची ००११००००. फरक एकाच बिटाचा. सेकंदाला ९६०० बिट या वेगात एक बिट सेकंदाचा जेमतेम दहाहजारावा भाग टिकतो. शेजारून मोटारीची केबल गेली होती. मोटार सुरू होताना तेवढ्याशा क्षणात एकाचा शून्य होई.

जोडणी आरएस-२३२ पद्धतीची होती. तिच्यात तारेवरचा विद्युतदाब सामाईक ‘ग्राउंड’पासून मोजतात. एका टेबलावरच्या दोन यंत्रांना ते पुरतं. दोन इमारतींमध्ये मात्र ग्राउंडची पातळीच वेगळी पडते. ज्या जमिनीपासून उंची मोजायची, तीच हलते.

१९८३ मध्ये आलेल्या आरएस-४८५ ने दोन तारांमधला फरकच मोजायचं ठरवलं. तारांना पीळ असतो. टेलिफोनसाठी अशा पिळाच्या जोडीचं पेटंट बेलने १८८१ मध्येच घेतलं होतं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ०.२ व्होल्टचा फरकही ओळखायला पुरतो. वेग कमी ठेवला तर संदेश १२०० मीटरपर्यंत जातो.

आम्ही तार बदलली, मोटारीच्या केबलपासून दूर नेली. टोकाला आपटून संदेश मागे फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावले. दोन्हीकडची ग्राउंड पातळी फार दुरावू नये म्हणून तिसरी तारही ओढली.

तरीही चूक कधीतरी होणारच. म्हणून प्रत्येक वजनासोबत त्याच्या अंकांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा पाठवू लागलो. तो जुळला नाही, तर संगणक वजन पुन्हा मागवतो. जुळेपर्यंत पावती निघत नाही. आधीच्या जोडणीत अशी तपासणीच नव्हती. आलेला आकडा खरा मानला जाई, आणि वर्षभराच्या घामाचा हिशेब त्यावर होई.