दोन माग, एक ताका

सुरतेत बमरोली रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात परवा एक जण विचारत होता, "दादा, घरी शंभरची लाइन आहे. अजून एक शंभरची घेतली आणि तो दोन लाइनवाला डब्बा लावला, तर दोनशे भेटेल ना?" दुकानदार म्हणाला, "भेटेलच की, भाऊ!" मी गप्प बसलो. दुसऱ्याचं गिऱ्हाईक उभं असताना तोंड घालू नये, एवढं पांडेसऱ्यात राहून शिकलोय. पण घरी आल्यावरही ते 'भेटेलच की' डोक्यातून जाईना.

आमच्याकडे आता नेट म्हणजे नुसती करमणूक राहिलेली नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारहून डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत आणि लूमच्या खात्यांत कामाला आलेल्या घरांतली दुसरी पिढी खोलीत बसून साड्या विकते, मार्केटमधल्या व्यापाऱ्याची बिलं बनवते, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम इथून करते. नेट तासभर गेलं की तासाचे पैसे जातात. म्हणून 'ड्युअल वॅन' राऊटरची चौकशी वाढली आहे. साध्या राऊटरला बाहेरची लाइन लावायला एकच भोक असतं, याला दोन किंवा जास्त. त्याचं कौतुक रास्त आहे. फक्त तो जे करत नाही, त्यासाठी लोक पैसे मोजतात.

"शंभर आणि शंभर, दोनशे"

ज्याने खात्यात पाळी केली आहे, त्याला हे एका वाक्यात कळेल. दोन माग लावले म्हणून एक ताका अर्ध्या वेळात उतरत नाही. दोन ताके एकाच वेळी विणले जातात, एवढंच. प्रत्येक ताका आपल्याच मागावर, आपल्याच गतीने निघतो.

राऊटरचंही तसंच. तुम्ही एखादी मोठी फाइल उतरवायला घेता तेव्हा तुमचा संगणक आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यात एक जोडणी तयार होते. ती सुरू होतानाच राऊटर ठरवतो, ही पहिल्या लाइनवर की दुसऱ्या. एकदा ठरलं की ती शेवटपर्यंत त्याच लाइनवर. ती फाइल शंभर एमबीपीएसनेच येणार, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. दुसरी लाइन शेजारी रिकामी बसली असली तरी.

मग दुकानदार खोटं बोलत होता का? नाही, आणि इथेच गंमत आहे. राऊटर लावून त्याने स्पीड टेस्ट दाखवली, तर काटा खरोखर एकशे ऐंशी-नव्वदवर जाईल. कारण स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. अर्ध्या इकडून जातात, अर्ध्या तिकडून, आणि बेरीज दिसते. उक्लाच्या स्पीडटेस्टमध्ये 'सिंगल' जोडणीचा पर्याय आहे. तो निवडून पुन्हा चाचणी करा, काटा शंभरवर येऊन बसेल. टॉरेंटसारख्या, फाइलचे तुकडे अनेक ठिकाणांहून गोळा करणाऱ्या कामाला मात्र बेरजेचा फायदा खराच मिळतो. घरात चार माणसं चार गोष्टी बघत असतील, तर तिथेही ओझं वाटलं जातं.

खरी बेरीज अशक्य आहे असं नाही. त्याला 'बाँडिंग' म्हणतात. एकाच ताक्याचे तुकडे दोन मागांवर विणायचे आणि पलीकडे बसलेल्या कुणीतरी ते सांधा दिसणार नाही असे जोडायचे. हा 'पलीकडचा कुणीतरी' महत्त्वाचा. स्पीडिफायसारख्या सेवा तो सर्व्हर महिन्याच्या भाड्याने देतात. ज्यांना हौस आहे ते 'ओपन एमपीटीसीपी राऊटर' वापरून स्वतःचा उभा करतात. यामागचं मल्टिपाथ टीसीपी हे तंत्र २०१३ साली प्रायोगिक मानक म्हणून प्रसिद्ध झालं आणि ॲपलने त्याच वर्षी आयफोनच्या सिरीसाठी ते वापरलं. पण दुकानातल्या डब्ब्यात, पलीकडे कुणी नसताना, हे होत नाही. शिवाय दोन लाइनी एकत्र बांधल्या की संथ लाइन वेगवानीला मागे ओढते. जोड देणाऱ्याला शेवटी दोन्ही तुकड्यांची वाट पाहावीच लागते.

"एक गेली की दुसरी लगेच, कळणारही नाही"

कळतं. मधेच बंद पडलेल्या मागावरचा अर्धा ताका उचलून दुसऱ्या मागावर चढवता येत नाही. तसंच, लाइन बदलली की जगाला दिसणारा तुमचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू असलेल्या जोडण्या तुटतात. व्हिडिओ कॉल 'रीकनेक्टिंग' म्हणत काही सेकंद गोठतो. व्हॉट्सॲप स्वतःच पुन्हा जोडून घेतं. अर्धी उतरलेली फाइल कधी पुढे सरकते, कधी पहिल्यापासून.

आणि 'लगेच' हा शब्दही तपासून घ्यावा. लाइन गेली हे राऊटरला कळतं कसं? रस्त्यावर फायबर तुटली तरी घरातला कंपनीचा डब्बा चालूच असतो. त्याच्यापासून राऊटरपर्यंतच्या तारेत काहीच बिघडलेलं नसतं, म्हणून राऊटरच्या दृष्टीने सगळं आलबेल. म्हणून सेटिंगमध्ये 'ऑनलाइन डिटेक्शन' किंवा तशा नावाची सोय सुरू करावी लागते. त्यात राऊटर दर काही सेकंदांनी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ अशा बाहेरच्या पत्त्याला हाक मारतो आणि काही हाका वाया गेल्या की लाइन मेली असं धरतो. माझ्या पाहण्यात ज्यांनी 'डब्बा लावला पण उपयोग झाला नाही' अशी तक्रार केली, त्यांच्यातल्या बहुतेकांची ही सोय बंदच होती.

बँकेच्या साइटवर होणारा त्रास याच्या उलट, दोन्ही लाइनी चालू असताना होतो. एक जोडणी इकडून, दुसरी तिकडून गेली की बँकेला एकच माणूस दोन पत्त्यांवरून येताना दिसतो आणि काही बँका लगेच बाहेर काढतात. उपाय सोपा आहे: बँकेची आणि कामाची वाहतूक कायम एका लाइनला बांधून टाकायची. बहुतेक अशा राऊटरांत तशी सोय असते.

"दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या, आता काळजी नाही"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, कारण तो शहाणपणासारखा दिसतो.

सुरतेहून जळगावला जाणाऱ्यांनी असा विचार करावा. तुम्ही दोन वेगवेगळ्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढून ठेवली. सोनगड, नवापूर, विसरवाडी ओलांडलं आणि कोंडाईबारी घाटात ट्रक आडवा झाला. दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या. कंपन्या दोन, रस्ता एक. त्या दिवशी पोचतो तो उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरणारा, कारण त्याची वाटच वेगळी. नंदुरबार, अमळनेर करत रेल्वे जाते आणि घाटात काय झालं याच्याशी तिला देणं-घेणं नसतं.

आता गल्लीत मान वर करून बघा. किती कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून लोंबताहेत? ग्रे कापडाने उंच भरलेला एक टेम्पो चुकीच्या कोनात वळला की सगळ्यांच्या तारा एकदम खाली. मी स्वतः हे भोगलंय. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, दोघांचे पैसे आगाऊ भरलेले, आणि एका पावसाळी सकाळी दोन्ही डब्ब्यांवर लाल दिवा. दोघांचीही माणसं दुपारी आली, एकाच शिडीवर आळीपाळीने चढली.

हे फक्त गल्लीत घडतं असं समजू नका. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन वेगळ्या केबली, फ्लॅग आणि सी-मी-वी ४, एकाच दिवशी निकामी झाल्या आणि भारतासकट पश्चिम आशियाचं इंटरनेट रांगू लागलं. केबली दोन होत्या. पण जात होत्या एकाच चिंचोळ्या वाटेने.

एकाच कंपनीच्या दोन लाइनी तर विचारायलाच नको. घरोघरच्या फायबरमध्ये कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटरने फुटतो आणि साधारण ३२ किंवा ६४ घरांना जातो. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत या सगळ्या घरांत मिळून सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता वाटलेली असते. दुसरी लाइन त्याच स्प्लिटरवरून आली, तर रात्री नऊला पहिली रेंगाळते तेव्हा दुसरीही रेंगाळणार.

म्हणून दुसरी लाइन घेताना वेग किती, दर काय, हे नंतर. आधी केबलवाल्याला विचारा: तार कुठून येते? पहिली खांबावरून असेल तर दुसरी जमिनीखालून आहे का? नाहीतर तार नसलेलीच घ्या. २०२३ पासून एअरटेल आणि जिओ दोघेही टॉवरवरून हवेतून नेट देणारी एअरफायबर सेवा देतात. टेम्पो तिला तोडू शकत नाही. पाऊस तिला मारतो असं लोक म्हणतात, पण साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर पावसाचा परिणाम फार थोडा. छतावरच्या टीव्हीच्या डिशचा अनुभव इथे लावू नये, तिची वारंवारता कितीतरी जास्त असते. एअरफायबरची खरी कमजोरी वेगळी: संध्याकाळी टॉवरवर गर्दी होते आणि अपलोड फायबरच्या मानाने कमी मिळतो. साड्यांचे लाइव्ह व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी ही लाइन दुसऱ्याच नंबरावर ठेवावी.

आणि वीज. दोन वाटा वेगळ्या केल्या, पण तिन्ही डब्बे एकाच बोर्डावर असतील तर लाइट जाताच दोन्ही नेट जातात. जीपॉनच्या वाटेतला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, म्हणून केंद्रात बॅटरी असेल तर रस्ताभर अंधार असतानाही फायबर जिवंत असते; मेलेला असतो तो आपला डब्बा. बहुतेक डब्बे १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. व्होल्ट आणि अँपिअर अडॉप्टरवर वाचून मगच घ्या. ज्याच्याकडे नेट लाइट गेल्यावरच जातं, त्याचं काम या छोट्या यूपीएसवरच भागतं. दुसरी लाइन लागतच नाही.

"राऊटर कशाला? दोन्ही तारा एका स्विचमध्ये खोचू"

खोचू नका. दोन्ही डब्बे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला बसतात, कुणाला कुणाचा मिळेल सांगता येत नाही, आणि ज्याला बंद पडलेल्या लाइनचा मिळाला तो हात चोळत बसतो.

खरा राऊटर लावल्यावरही एक बारीक खोड निघते. दोन्ही कंपन्यांचे डब्बे १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरत असतील तर राऊटर गोंधळतो. एकाचा पत्ता बदलून १९२.१६८.५.१ वगैरे करा, पाच मिनिटांचं काम. खरेदी करताना भोकांची गतीही बघा. टीपी-लिंकच्या जुन्या टीएल-आर४७०टी प्लसला चार वॅन लावता येतात, पण प्रत्येक भोक शंभर एमबीपीएसचंच. दोनशेची लाइन त्यात घातली तरी शंभरच निघणार. त्यांच्याच ईआर६०५ची भोकं गिगाबिटची आहेत. पण या दोघांनाही वायफाय नाही, हे घरी खोका उघडल्यावर कळून लोक चिडतात.

"नेट स्लो आहे, म्हणजे लाइन कमी पडते"

बहुतेक वेळा लाइन नाही, हवा कमी पडते. भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांत प्रत्येकाचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ओरडत असतं आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दुसरी लाइन आणून त्याच गोंगाटात सोडली तर काय होणार? आधी लॅपटॉप तारेने डब्ब्याला जोडून बघा. तारेवर वेग पूर्ण मिळाला, तर पैसे वाचले. फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्या, डब्बा पलंगाखालून काढून वर ठेवा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, नेटफ्लिक्स ४-केसाठी १५ पुरेत म्हणतं. तीस-चाळीसच्या लाइनवरही घर आरामात चालतं.

मग हा डब्बा कुणी घ्यावा? ज्याचं काम तासाच्या हिशोबाने चालतं आणि जो नेट गेल्यावर उठून फोनची हॉटस्पॉट चालू करायला जागेवर नसतो, त्याने. म्हणजे दुकान, बिलिंगची खोली, कॅमेरे लावलेलं खातं. बाकीच्यांच्या खिशात दुसरी लाइन आधीच आहे. मुलाच्या क्लाससाठी ड्युअल वॅन घेणाऱ्या एका ओळखीच्याला मी हेच सांगितलं. त्याला राग आला, पण पैसे वाचले.

मी स्वतः मात्र लावलाय: खांबावरची फायबर एक, टॉवरची एक, खाली छोटा यूपीएस. महिन्यातून एकदा परीक्षा घेतो. राऊटरची तार काढून उपयोग नसतो, ती फसवी परीक्षा. कंपनीच्या डब्ब्यातून फायबरची हिरवी पिन अलगद काढायची, तोंड डोळ्यांसमोर धरायचं नाही, आणि आकडे मोजायचे. गेल्या वेळी चौदा झाले. दहाव्या आकड्याला आतून आईचा आवाज आला, "नेट गयं का रे?" मी उत्तर देईपर्यंत तिची मालिका पुढे सरकली होती.