नवजात शिशूंच्या रक्तातील मेद व कोलेस्टेरॉल : प्रभावकारी घटक

प्रस्तावना :
हृदयविकार व मधुमेह हे प्रौढ वयातील आजार मानले जातात. तथापि त्यांचा पाया गर्भावस्थेतच घातला जातो, असे आता मानले जाते. त्या दृष्टीने नवजात शिशूच्या रक्तातील मेदाचे प्रमाण ठरविणाऱ्या घटकांचा येथे विचार केला आहे.

जन्मसमयी नाळेच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला साधारणतः ६० ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढांच्या निम्म्याहून कमी असते.

प्रभावकारी घटक :
गर्भ आपल्या गरजेचे बहुतांश कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मातेच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण दुप्पट-तिप्पट होते. परंतु ते वारेतून जसेच्या तसे पार होत नाही. विकरांद्वारे विघटन होऊन मेदाम्ले गर्भाकडे जातात. म्हणून मातेने खाल्लेले तूप बाळाच्या रक्तात थेट उतरते, हा समज योग्य नव्हे.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांत कोलेस्टेरॉल तुलनेने अधिक आढळते. गर्भाशयात वाढ खुंटलेल्या बालकांत ट्रायग्लिसराइड वाढलेले दिसते. मातेचा मधुमेह व आनुवंशिकता हेही महत्त्वाचे घटक होत. जन्मानंतर स्तनपानामुळे कोलेस्टेरॉल वाढते. ही वाढ स्वाभाविक आहे.

पुण्याचा अभ्यास :
पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांत स्नायू कमी होते, मात्र त्वचेखालील मेद त्या प्रमाणात घटलेला नव्हता. २००२ च्या अभ्यासात पुण्यातील बालकांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या बालकांपेक्षा इन्सुलिनही अधिक आढळले. सारांश, कृश दिसणारे बाळ मेदविकारापासून सुरक्षित असतेच असे नाही.

समारोप :
पाली हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ होत असल्याने गरोदर स्त्रीलाही फडात राबावे लागते. तपासणी व आहार यांत खंड पडतो. बाळाचे केवळ वजन नोंदवून हा प्रश्न सुटणार नाही. गरोदरपणापूर्वीपासून मातेचे पोषण, विश्रांती, मधुमेहाची तपासणी आणि कमी वजनाच्या बालकांचा दीर्घकालीन पाठपुरावा यांची सांगड घालणे अगत्याचे आहे. पुढील पिढीच्या हृदयाचे रक्षण मातेच्या आरोग्यापासूनच सुरू होते.